आधी वेल, मग झाड

पुण्याच्या फ्लॅटमध्ये आपली ‘ग्रीनरी’ म्हणजे बाल्कनीतला मनीप्लांट. तो ग्रिलवर चढला की आपण फोटो काढतो. आमच्या कापड्याच्या घरामागे मात्र वेल चढली आणि आजीची झोप उडाली!

मागच्या उतारावर ऐन आणि आंबा, शेजारी शेजारी. ऐन वाळलेला, घराकडे झुकलेला. दोघांनाही मनगटाएवढ्या गारंबीने गुंडाळलेलं. जून २०२० चं निसर्ग वादळ आणि २२ जुलै २०२१ ची तळीयेची दरड आमच्या महाड-पोलादपूरकडे कुणीच विसरलेलं नाही. तेव्हापासून वारा सुटला की आजी पुढच्या पडवीत येऊन रात्रभर बसायची.

मी एकदम प्रोजेक्ट मॅनेजर मोडमध्ये. ‘काका, कटरवाला बोलवा, एका दिवसात दोन्ही साफ!’

काका हसले. ‘अगं, ती दोघं एकमेकांना बांधलेली आहेत. ऐन पाडला, तर वेल आंब्याच्या फांद्या ओढेल, नाहीतर ऐनालाच फिरवून कौलांवर आणेल.’

म्हणून आधी वेल. बुंध्याशी कोयत्याने तोडायची आणि तशीच लटकू द्यायची. ओढायची नाही, वरची वाळकी फांदी थेट डोक्यात येते. काही महिन्यांत पानं झडतात, वारा अडायचा कमी होतो, वर काय अडकलंय ते दिसतं. मग वर चढून उरलेले वेढे तोडायचे, फांद्या दोराने उतरवायच्या, बुंधा शेवटी. मुळं मात्र उकरायची नाहीत. उतारावरची माती तीच धरून ठेवतात.

आणि हो, ऐन, आंबा दोन्ही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. जमीन आपली असली तरी परवानगी हवीच.

तशी गारंबी काही व्हिलन नाही. बांडगुळासारखी ती झाडाचा रस पीत नाही, तिला फक्त वरचा उजेड हवा असतो. रानात ती हवीच. आमच्या कौलांवर नको, एवढंच.

दिवाळीत वेल तोडली. परवानगी आल्यावर मार्चमध्ये ऐन उतरवला. आंबा राहिला. तो आजोबांनी लावलेला, त्यामुळे आजीची अटच होती.

परवा रात्री तिकडे वादळी पाऊस असल्याचं ऐकलं आणि घाबरून फोन लावला. ‘आजी, पडवीत बसलीयस ना?’

‘पडवीत कशाला? चांगली झोपले होते, उठवलंस!’

इतका गोड ओरडा मी बऱ्याच दिवसांत खाल्ला नव्हता.