ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी



काही महिन्यांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. तिची किंमत ३,२०० रुपये. पैसे माझे असते तर गप्प बसलो असतो. पण ते माझ्या बहिणीच्या भिशीचे होते. तशी चूक तुमच्या घरी होऊ नये, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

माझा भाचा मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. त्याच्याकडे एका कार्यालयातून निघालेला जुना संगणक आहे. विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली आणि नव्या विंडोजच्या अटींत हे यंत्र बसत नाही. म्हणून आम्ही त्यावर लिनक्स घातले. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याची सुरुवात केली, ते हे लिनक्स. त्याला पैसे पडत नाहीत. ड्रॉइंगसाठी फ्रीकॅडही मोफत मिळाले.

पण ड्रॉइंग मोठे झाले की यंत्र अडखळू लागले. मित्रांनी सांगितले, ग्राफिक्स कार्ड टाक. पडद्यावरचे चित्र तयार करण्याचे काम करणारे हे वेगळे कार्ड असते. मी त्याला घेऊन बाजारात गेलो. दुकानदाराने जीटी ७१० नावाचे दोन जीबीचे कार्ड काढून दिले. "लिनक्सवर चालेल ना?" असे मी विचारले. "सगळ्यावर चालतं साहेब," तो म्हणाला. मी पुढे काही विचारले नाही.

कार्ड चालले, पण दोनच महिने. एके दिवशी लिनक्सची नेहमीची सुधारणा झाली आणि पडदा काळा पडला. चार दिवसांवर सबमिशन होते. आपल्याच हातून यंत्र बिघडले असे वाटून पोराने दोन दिवस कोणाला सांगितलेही नाही. शेवटी बहिणीचा फोन आला. "दादा, तू शिकलेला, म्हणून तुझ्यावर सोडलं होतं," एवढेच ती म्हणाली.

मी गेलो. कार्ड काढले आणि मॉनिटरची केबल यंत्राच्या मूळ जागी लावली. पडदा उजळला! चित्र दाखवण्याची सोय त्या यंत्राच्या इंटेल प्रोसेसरमध्ये मुळातच होती, आणि विकत घेतलेले कार्ड तिच्यापेक्षा फारसे सरस नव्हते. यंत्र अडखळत होते ते रॅम चारच जीबी होती म्हणून. ९०० रुपयांत जुनी चार जीबी रॅम मिळाली, ती घातली आणि ड्रॉइंग सुरळीत झाले.

म्हणून पहिली गोष्ट ही, की अडचण कुठे आहे ते आधी पाहा. काम करताना लिनक्समधील सिस्टिम मॉनिटर उघडून ठेवा. रॅम भरत असेल तर पैसा रॅमवर घाला. लिहिणे, वाचणे, हिशेब, व्हिडिओ पाहणे आणि साधे ड्रॉइंग यांना बहुधा वेगळे कार्ड लागत नाही. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असते त्यात मात्र चित्राची सोय नसते. तिथे कार्ड घ्यावेच लागते. मोठे त्रिमितीय काम, खेळ किंवा व्हिडिओ संकलन करायचे असेल तरीही कार्डाचा विचार करावा.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. कार्ड म्हणजे गाडी समजा आणि ड्रायव्हर म्हणजे ती चालवणारा माणूस. जीटी ७१० एनव्हिडिया कंपनीचे. त्यासाठी कंपनीचा ४७० क्रमांकाच्या मालिकेचा ड्रायव्हर लागतो. त्याची देखभाल कंपनीने २०२४ साली थांबवली. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो पुढे सरकत राहिला आणि जुना ड्रायव्हर मागे पडला. आमचा पडदा काळा पडला तो यामुळे. नूवो नावाचा खुला ड्रायव्हर आहे, पण अशी कार्डे तो आपणहून पूर्ण वेगाने चालवत नाही. दुकानात मात्र ही कार्डे नवी म्हणून मिळतात. खोके नवे असले तरी आतला माल जुना असू शकतो.

एएमडी कंपनीच्या कार्डांचे तसे नाही. त्यांचा एएमडीजीपीयू हा खुला ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच आहे आणि कर्नलबरोबर तोही सुधारत जातो. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. थोडक्या पैशांत लिनक्ससाठी कार्ड हवे असेल तर आरएक्स ५५० (२०१७) किंवा आरएक्स ६४०० (२०२२) पाहावे. आरएक्स ६४०० चा वेग जुन्या मदरबोर्डवर काहीसा कमी पडतो आणि व्हिडिओ तयार करण्याची खास यंत्रणा त्यात नाही. एनव्हिडियाच हवे असेल तर जीटीएक्स १६५० च्या मागे जाऊ नये. २०२२ पासून कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, तो त्या पिढीपासून पुढच्या कार्डांनाच लागू आहे. इंटेलचे आर्क ए३८० चांगले, पण ते नव्या मदरबोर्डसाठी. जुन्या यंत्रात त्याचा वेग बराच घटतो.

तिसरी गोष्ट, जीबीच्या आकड्याला भुलू नये. 'चार जीबी' असे मोठ्या अक्षरात छापलेले कार्ड दोन जीबीच्या कार्डापेक्षा मंद असू शकते. जीटी ७३० या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या प्रकारची कार्डे विकली गेली आहेत. कपाट मोठे असले म्हणून कारकून जलद होत नाही, हे मी रोज कार्यालयात पाहतो!

चौथी गोष्ट मापाची. कार्यालयातून निघालेल्या यंत्रांची पेटी पुष्कळदा अरुंद असते. तिला अर्ध्या उंचीचे कार्ड लागते. सोबत छोटी लोखंडी पट्टीही मागून घ्यावी. अशा यंत्राचा वीजपुरवठा पुष्कळदा अडीचशे वॅटच्या आसपास असतो. कार्डाला त्याच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. तेवढ्यावर चालणारे, वेगळी वीजतार न लागणारे कार्डच निवडावे. आरएक्स ५५० आणि आरएक्स ६४०० तशी आहेत. आपल्या घरचा मॉनिटर निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलचा असेल तर नव्या कार्डांवर ती जागा नसते. कन्व्हर्टरचा खर्च आधीच धरावा.

पाचवी गोष्ट खरेदीची. काही जुन्या कार्डांत फेरफार करून ती नव्या नावाने विकली गेल्याचे प्रकार घडले आहेत. म्हणून लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह सोबत न्यावा. दुकानातील यंत्र त्यावरून सुरू करता येते, त्यात काही बसवावे लागत नाही. शक्य असेल तर आपले यंत्रच न्यावे. टर्मिनल उघडून इंग्रजी लहान अक्षरांत 'एलएसपीसीआय', मग एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला लागून 'के' लिहावे. कार्डाचे नाव आणि चालू असलेला ड्रायव्हर दिसतो. मग एखादा व्हिडिओ लावून पाहावा. वापरलेले कार्ड असेल तर बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी. तोंडी हमीला पुढे कोणी विचारत नाही.

बहिणीचे पैसे मी पुढच्या पगाराला परत केले. ती नको म्हणत होती. मी म्हटले, चूक माझी, तिचा भुर्दंड तुझ्या भिशीने का सोसावा?

आपल्या घरांत शिकलेल्या माणसाच्या शब्दावर पैसा खर्च होतो. ज्याला विचारले जाते, त्याने आधी नीट चौकशी करावी आणि ठाऊक नसेल तर तसे सांगावे. दुकानदार म्हणतो म्हणून पुढे होऊ नये. ते कार्ड मी घरी टेबलाच्या खणात ठेवले आहे. कोणी सल्ला विचारायला आले की खण उघडून आधी ते दाखवतो.