शिक्षा कोणाला: विकणाऱ्याला कीं विकली गेलेलीला?

वेश्याव्यवसायाच्या कायद्याचा वाद निघाला कीं शहरांतील विद्वानांचे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हा धंदा समूळ बंद करा. दुसरा म्हणतो, इतर कामांसारखें तें काम माना. आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांनीं मात्र आधीं हें विचारावें कीं, या बाजारांत लेकी येतात कोणाच्या घरच्या? सावकाराच्या नव्हेत. बहुतेक येतात त्या कर्जानें गांजलेल्या, दुष्काळानें उठलेल्या आमच्याच घरांतून व गांवकुसाबाहेरील वस्त्यांतून.

कांहींना तर देवाच्या नांवानेंच ढकललें गेलें. देवास मुली वाहणें मुंबई इलाख्यांत १९३४ सालींच कायद्यानें बंद झालें होतें. तरी महाराष्ट्रास २००५ सालीं पुन्हां नवा कायदा करावा लागला! देवीच्या नांवावर पोट भरणारे जागेवरच राहिले, जट आली म्हणून पोर वाहणारा बापही अडाणीच राहिला. मग कागद काय करील?

आतां देशाचा १९५६ चा कायदा पाहा. त्याच्या आठव्या कलमान्वयें रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईस पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. तोच गुन्हा पुरुषानें केला तर निदान सात दिवस, पण फार तर तीन महिने. एकाच दुकानांत दोन मापें! शिवाय छाप्यांत सोडविलेल्या बाईस संरक्षणगृहांत एक ते तीन वर्षें ठेवतां येतें. ही सुटका कीं दुसरी कोठडी?

माणूस विकणाऱ्यास शिक्षा नाहीं असें नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमांत सात ते दहा वर्षें सक्तमजुरी आहे. मूल विकल्यास दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. पण दलाल नांव व गांव बदलून फिरतो. बाई उभी असते दिव्याखालीं. म्हणून हात पडतो तो तिच्यावर.

आमचें मत स्पष्ट आहे. बाईस शिक्षा करणारें कलम काढा आणि दलाल, घरवाली व त्यांचा हप्तेखाऊ पाठीराखा यांस धरा. या बायांस माणुसकीनें वागवावें, शिवीगाळ व मारहाण करूं नये, असें सुप्रीम कोर्टानें १९ मे २०२२ रोजीं पोलिसांस बजावलें आहे. तें पाळलें जावें. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ति परिषदेंतील बाया आपलें गाऱ्हाणें स्वतः मांडतात. त्यांचें म्हणणें ऐकल्यावांचून कायदा करूं नये.

आणि बंधूंनो, आपल्या दाराशींही पाहा. हुंडा नको म्हणणारें परमुलखांतील अनोळखी स्थळ, मुंबईस नोकरी लावतों म्हणणारा गोडबोल्या, उचल देऊन पोर मागणारा मुकादम यांची चौकशी केल्याशिवाय मुलगी पाठवूं नका. संशय आल्यास १०९८ वर कळवा. मुलीची शाळा सोडवूं नका. विकल्या गेलेल्या लेकीसाठीं कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षां दलालास वेशींतच अडविणें बरें.