आधी बेवडाचा हिशेब, मग युरियाची गोणी



विहिरीला थोडे पाणी असलेला कोरडवाहू शेतकरी खरिपाचे द्विदल निघाले की एखादा एकर गहू पेरतो. तेव्हा गावात दोन सल्ले फिरतात. दुकानदार म्हणतो, युरिया जितका तितका दाणा. साहेब म्हणतात, आधी द्विदल होते ना, मग नत्र निम्मे करा. आमचे म्हणणे असे की दोन्ही सल्ले शेत न पाहता दिलेले आहेत.

बेवडाचे मोल आपल्या आज्यापणज्यांनाही ठाऊक होते. पण बेवड कशाचा? द्विदलाच्या मुळावरच्या गाठी हवेतले नत्र धरतात हे खरे. ते सगळे जमिनीत राहते हे खरे नाही. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने, म्हणजे ६.४ टक्के नत्र. एकरी ८ क्विंटल सोयाबीन विकले की ५१ किलो नत्र शेताबाहेर गेले. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असते २०.७ किलो. म्हणजे जवळपास अडीच गोण्या बाजारात गेल्या! वर कुटारही पेटवले, तर मागे उरला गळालेला पाला आणि मुळ्या. मुगाचे तसे नाही. एकरी २ क्विंटल मूग झाला तर दाण्यातून ८ किलोही नत्र जात नाही. शेंगा तोडून हिरवे झाड गाडले, तर बाकीचे रानातच कुजते. दोन्ही द्विदलेच, पण हिशेब वेगळा.

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो, म्हणजे एकरी ४८ किलो नत्र सांगतात. ते डोळे मिटून टाकू नका, डोळे मिटून कापूही नका. तीन हिस्से करा. एक पेरणीबरोबर, डीएपीच्या ५० किलोच्या गोणीतले ९ किलो नत्र त्यातच धरा. दुसरा २१ दिवसांनी, पहिल्या पाण्याला. तिसरा राखून ठेवा. फक्त एका पट्ट्यात, पाच-सहा तासांत, सगळे नत्र पहिल्या पाण्यापर्यंत द्या. चाळिसाव्या दिवशी, दुसऱ्या पाण्याआधी, बांधावर उभे राहून बघा. पट्टा बाकी गव्हापेक्षा हिरवागार दिसला तर राखलेला हिस्सा द्या. फरक दिसला नाही तर बेवडाने आपले काम केले. गोणी घरात राहू द्या. जास्तीच्या नत्राने गहू लोळतो आणि मावा वाढतो.

रब्बी ज्वारीला ही सोय नाही. ओल नसलेल्या रानात मागून टाकलेला युरिया वाया जातो. तिथे बेवडाचा हिशेब पेरणीआधीच करावा लागतो.

शेतकरी युरिया उधळतो, असा आरोप आपल्यावर होतो. २०१० साली सरकारने स्फुरद-पालाशच्या खतांची अनुदानपद्धत बदलली, युरियाचा दर मात्र बांधून ठेवला. ती खते महागली, युरिया स्वस्त राहिला. जे स्वस्त ते जास्त पडले, यात शेतकऱ्याचा गुन्हा कोणता? २०१८ पासून ५० किलोची गोणी ४५ किलोची झाली. गोणी लहान केल्याने चुकलेले दर सुधारत नाहीत. दराची लढाई आपण लढूच. पण आपल्या रानात किती नत्र उरले, हे दिल्लीला कळणार नाही, दुकानदारालाही नाही. ते आपणच मोजायचे.

यंदा प्रत्येक गावात निदान एका शेतात असा पट्टा ठेवा. काय दिसले ते जिल्हा बैठकीत सांगा.