बुटाचा चिखल आणि आपल्या पट्ट्यातली केळी

फॉरेनहून परत येताना आपण बॅग भरतो ती फक्त वजन बघून. वीस किलोच्या वर गेलं की काउंटरवर पैसे मागतात, म्हणून जाड कपडे अंगावर चढवायचे, चॉकलेटं पोरांच्या सॅकमध्ये कोंबायची. पण त्या बॅगेतून आपण अजून काय आणतो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आपल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या माणसांनी तरी तो विचारायलाच पाहिजे. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

यंदा आम्ही सहकुटुंब व्हिएतनामला जाऊन आलो. ग्रुपमध्ये बहुतेक आपल्याच भागातले लोक, आणि त्यातले निम्मे केळीवाले. केळीवाला माणूस देवळं, बोटी बघून येईल, पण रस्त्याकडेला केळीची बाग दिसली की गाडी थांबवायला लावणारच. तशी ती थांबलीही. सगळे आत शिरले, घड मोजले, पानं उलटी करून पाहिली. आदल्या रात्री पाऊस झालेला, त्यामुळे बूट घोट्यापर्यंत माखले.

निघायच्या आदल्या रात्री हनोईच्या हॉटेलात पॅकिंग चाललं होतं. एका काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला केळीचा कंद पँटच्या घडीत ठेवलेला दिसला. मी म्हटलं, काका, हे नेता येत नाही. तर म्हणाले, "अरे, फुकटचा कंद आहे. सोनं थोडीच आहे, कोण विचारतंय?" बरीच वादावादी झाली, शेवटी त्यांनी तो तिथेच टाकला. बूट मात्र सगळ्यांनी तसेच चिखलासकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बॅगेत टाकले. मी आमचे चौघांचे बूट-चपला हॉटेलच्या टूथब्रशने बाथरूममध्ये घासत बसलो, तर लोक हसले.

हसण्यासारखं काय नाही, ते सांगतो.

केळीला 'टीआर ४' नावाचा मर रोग आहे. फ्युजेरियम बुरशीचा प्रकार. ही बुरशी मुळातून शिरते, झाडाचं पाणी तोडते, पानं पिवळी पडून लटकतात आणि झाड जातं. यावर औषध नाही. आणि एकदा जमिनीत बसली की ती बुरशी तिथे कित्येक दशकं जिवंत राहते. पसरते कशाने? रोगट कंदाने, पाण्याने, अवजाराला, टायरला आणि बुटाला चिकटलेल्या मातीने. व्हिएतनाममध्ये हा रोग असल्याची नोंद आहे. मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, चीनमध्ये आहे. आपल्या देशात बिहार, उत्तर प्रदेशातही सापडलाय.

आता आपल्याकडे काय लावतो आपण? ग्रँड नैन. ती कॅव्हेंडिश गटातली, आणि टीआर ४ नेमका कॅव्हेंडिशला खातो. जगाच्या बाजारात पूर्वी 'ग्रो मिशेल' नावाची केळी चालायची. पनामा मर रोगाने तिच्या बागाच्या बागा बसवल्या, म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यात व्यापार कॅव्हेंडिशवर आला. म्हणजे एक जात बुरशीने आधीच घालवलेली आहे. सीएमव्हीने उपटून बांधावर फेकलेल्या बागा आपण पाहिल्यात. पण तिथे निदान पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं. इथे जमीनच हातची जाते.

बाहेरून आलेलं परत जात नाही, हे महाराष्ट्राला शिकवायला नको. गाजर गवताची नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली, अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानलं जातं. आज कोणता बांध त्याच्याविना आहे? मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी आपल्याकडे पोचली.

कोणी म्हणेल, मग हे सगळं कंटेनरमधून येतं, टुरिस्टच्या बुटाला कशाला धरता? बरोबर, मोठा धोका मोठ्या मालाचाच. पण कंटेनरला निदान कागद लागतात, तपासणी असते. बुटाला काहीच नाही. दुसरं म्हणणं, मिरची, बटाटा, टोमॅटो, आपली ग्रँड नैनसुद्धा बाहेरचीच की! आहे ना. नवी जात यावीच. पण ती परवान्याने, क्वारंटाइनमधून, टिश्यू कल्चरच्या स्वच्छ रोपातून यावी. पँटच्या घडीतून नव्हे.

कायदा आहे. १९१४ चा कीड-रोगांचा कायदा आहे, २००३ चा प्लांट क्वारंटाइन आदेश आहे. लागवडीच्या रोपाला, कंदाला आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. माती तर आणताच येत नाही. कस्टम्सच्या फॉर्मवर बियाणं, रोपं, फळं यांचा रकाना आहे. पण आम्ही उतरलो तिथे ग्रीन चॅनलमधून सरळ बाहेर आलो. सोन्याचे बोर्ड दिसले, मातीचा एकही नाही.

ऑस्ट्रेलियात बघा. २०२२ मध्ये इंडोनेशियात जनावरांना लाळ-खुरकत आला, तर बालीहून येणाऱ्यांना विमानतळावर औषधाच्या पायपुसण्यावरून चालायला लावलं. एका प्रवाशाच्या बॅगेत न सांगितलेली दोन मफिन आणि एक क्रोसां सापडली, दंड २,६६४ डॉलर! तिथल्या सरकारला आपला शेतकरी कशावर जगतो ते माहीत आहे.

आपल्याकडे फार खर्चाचं काही मागत नाहीये मी. टूर कंपन्या पॉवर बँक कुठे ठेवायची ते चारदा सांगतात, त्यात "बूट धुऊन भरा, रोप-बी आणू नका" ही एक ओळ घालावी. विमान उतरण्याआधीची सूचना मराठी-हिंदीतून व्हावी. सामानाच्या पट्ट्याजवळ बिनदंडाची टाकपेटी ठेवावी, म्हणजे घाबरलेला माणूस वस्तू तिथे टाकून जाईल. आणि कृषी विभाग शेतकऱ्यांना परदेश अभ्यासदौऱ्यावर पाठवतो, ते तर थेट बागेतच फिरतात. त्यांच्यासाठी बूट-कपड्यांचा नियम सक्तीचा करावा. आपल्या आमदार-खासदारांनी एवढा विषय तरी लावून धरावा. केळीच्या भावावर बोलता, केळीच्या जमिनीवरही बोला.

आणि सरकार करेल तेव्हा करेल. दिवाळीच्या सुट्टीत जे निघालेत त्यांनी जुने बूट तिथेच टाकून या, नाहीतर तळवे ब्रशने घासून, धुऊन, वाळवून भरा. घरी आल्यावर तेच बूट घालून लगेच मळ्यात जाऊ नका. भाच्यासाठी चॉकलेट आणा, बायकोसाठी रेशीम आणा. कंद आपल्या गावात भरपूर आहेत.