सही म्हणजे साक्षरता नव्हे

अंगठा गेला, सही आली, म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: त्या सहीच्या वरच्या ओळी कोणी वाचल्या? अंगठा उमटविणाऱ्या बाईला निदान ‘कागदात काय लिहिले आहे?’ असे विचारता येत असे. सही करणारीने तेच विचारले तर तिचे हसे होते. नुसती सही शिकवून आपण तिच्या तोंडचा प्रश्नच काढून घेतला!

२०११ च्या जनगणनेत धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७८ टक्के नोंदली गेली. समजून वाचता-लिहिता येणे, ही जनगणनेची साक्षरतेची व्याख्या. पण प्रगणक कोणापुढे उतारा ठेवीत नाही. घरचे सांगतात ते लिहून घेतो.

समजणे कशाला म्हणतात, हे याच जिल्ह्यात दिसले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने येथील सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त केली. पुढे घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात, ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने, गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या. अनुदान कोणते, भिंत बळकट कशी करावी, हे त्या घरोघर सांगू लागल्या. कागदाचा अर्थ हाती आला की उंबऱ्याआडची बाई ग्रामसभेत हिशेब मागते. (काहींना हेच खुपते, उघड कोण बोलणार?)

आणि आपल्या धर्मग्रामातील सुशिक्षित कुटुंबांचे काय? बंधूंनो, जमिनीच्या हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेण्यापूर्वी तो कागद तिच्या हाती द्या, आणि तिचे वाचून होईपर्यंत थांबा.