मूठभर तांदूळ आणि पावतीपुस्तक

पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचे नाव ऐकले नाही असा माणूस गोव्यात विरळा. पण ते नाव कसे पडले, हे आताच्या मुलांना मुद्दाम सांगावे लागते. पोर्तुगीज अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, मराठी शाळा चालवायची तर सरकारी तिजोरीकडे पाहण्यात अर्थ नव्हता. तेव्हा घरातल्या बाईने रोजच्या शिजवणाच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढायची आणि त्या साठलेल्या तांदळावर शाळा चालवायची, अशी ती योजना होती. मूठ कोणाची, हे तांदळावर लिहिलेले नसे. भाटकाराच्या घरची मूठ आणि कुळाच्या घरची मूठ एकाच मडक्यात पडली की त्यांत फरक करता येत नसे.

हे आज आठवण्याचे कारण असे की शाळेसाठी पुन्हा घरोघरी मागणे सुरू झाले आहे. या वेळी मडके नाही, पावतीपुस्तक आहे. आणि प्रत्येक शाळेचे पावतीपुस्तक वेगळे.

मुक्तीनंतर १९६३ साली आलेल्या बांदोडकरांच्या सरकारने वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा नेल्या, तेव्हा ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी पाटी हातात धरली नव्हती त्यांची मुले वर्गात जाऊन बसली. त्या वेळी लोकांना एवढेच कळले होते, आणि बरोबर कळले होते, की शाळा आता सरकारची. मास्तर सरकारचा, छप्पर सरकारचे, खडूसुद्धा सरकारचा. कोणी जमीन दिली, कोणी चिरे दिले, कोणी श्रमदान केले. पण ती एकदाची मदत होती. दर वर्षी बापाच्या खिशावर शाळा चालवावी, अशी कल्पना त्यात नव्हती.

आता एकाच तालुक्यातल्या दोन सरकारी शाळा डोळ्यांपुढे आणा. एक बाजारपेठेच्या गावातली, पटावर दोनशे मुले. दुसरी खाजनाच्या कडेला किंवा किनाऱ्यावरच्या वाड्यावर, पटावर बारा मुले. समग्र शिक्षा योजनेखाली शाळांना वार्षिक अनुदान मिळते. ही योजना २०१८ साली सुरू झाली, आणि तिच्या २०२१ नंतरच्या आराखड्यात या अनुदानाचे गणित पटसंख्येवर बांधलेले आहे. तीस मुलांपर्यंत दहा हजार रुपये, एकतीस ते शंभर मुलांना पंचवीस हजार, शंभराच्या वर अडीचशेपर्यंत पन्नास हजार. म्हणजे तिसाव्या मुलानंतर आणखी एक मूल दाखल झाले की पंधरा हजार वाढतात. आणि एकतिसावे मूल आईबापांबरोबर दुसऱ्या गावी गेले की पंधरा हजार त्याच्याबरोबर जातात! या पैशातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. उरलेल्या नऊ हजारांत वाड्यावरच्या शाळेने वर्षभर काय काय करावे, हे पर्वरीतल्या साहेबांनी एकदा स्वतः हिशेब मांडून दाखवावे.

साहेब म्हणतील, डोईमागे पाहा. दोनशे मुलांना पन्नास हजार म्हणजे एका मुलामागे अडीचशे. बारा मुलांना दहा हजार म्हणजे आठशेच्या वर. तुमच्या लहान शाळेला तर जास्तच मिळते! हिशेब खरा आहे, पण तो कागदावरचा. पावसाचे पाणी मुले मोजून गळत नाही. कौले फुटली तर बारा मुलांच्या छपराचीही फुटतात आणि ती चढवायला येणारा माणूस रोजगार तेवढाच घेतो. संडासाची टाकी, नळाची जोडणी, दाराची कडी यांना पटसंख्या कळत नाही.

त्यात आता वर्गणी मिळवा. बाजारपेठेच्या शाळेत नोकरदार आहेत, दुकानदार आहेत. प्रत्येकाने वर्षाला दोन हजार दिले तर दोनशे पालकांचे चार लाख होतात. वाड्यावरच्या बारा घरांनी शंभर-शंभर दिले तर बाराशे. एका शाळेत साडेचार लाख, दुसरीत अकरा हजार दोनशे. आता डोईमागेही पाहा: सव्वादोन हजार आणि सव्वानऊशेच्या आसपास. साहेबांचा तो डोईमागचा मुद्दा इथे उलटा फिरतो. हे आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत. आपल्या गावचे खरे आकडे टाकून पाहावेत. चित्र फारसे बदलणार नाही.

आणि हे बाराशे कोणत्या दिवसांत मागितले जातात? बहुधा पावसाच्या तोंडावर. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढून ठेवलेल्या, जाळी तुणण्याचा खर्च पुढे उभा. शेतकऱ्याचे म्हणाल तर बियाणे, खत, नांगरणीचा ट्रॅक्टर, पेरणीची मजुरी असा पैसा याच दिवसांत घराबाहेर जातो. आत यायला कापणी उजाडावी लागते. त्याच आठवड्यात मूल घरी येऊन सांगते की बाईंनी उद्या पैसे आणायला सांगितले आहेत. मागणाऱ्या बाईंनाही ते नकोसे झालेले असते, हे आम्ही जाणतो. शाळेसाठी स्वतःच्या पगारातून खर्च करणारे आणि त्याचा उच्चारही न करणारे शिक्षक गावोगाव आहेत. दोष त्यांचा नाही.

कायदा काय सांगतो ते पाहावे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे शिक्षण ज्यामुळे अडेल अशी कोणतीही फी, आकार किंवा खर्च त्याच्याकडून घेता येत नाही. शाळेने जाहीर केलेल्या फीबाहेरची देणगी वा वर्गणी याला त्या कायद्यात ‘कॅपिटेशन फी’ म्हटले आहे, आणि प्रवेश देताना ती घेण्याला बंदी आहे. मग वर्गणी कशी चालते? ‘ऐच्छिक’ या एका शब्दावर. पावतीवर तो शब्द छापला की काम झाले. ज्याने दिले नाही त्याचे नाव वर्गात वाचले जाते तेव्हा ती किती ऐच्छिक राहते, हे त्या मुलाला विचारावे.

कोणी म्हणेल, ज्या पालकाला आपल्या मुलाच्या शाळेसाठी द्यायचे आहे त्याचा हात तुम्ही का धरता? आम्ही हात धरत नाही. आपल्या लेकराच्या शाळेला पंखा मिळावा असे कोणत्या बापाला वाटत नाही? तक्रार वेगळीच आहे. बाजारपेठेच्या शाळेला वर्गणीतून संगणक आले, रंग लागला, इंग्रजी शिकवायला जादा बाई आली की त्या शाळेतले बोलके, वजनदार पालक सरकारच्या दारात जायचे थांबतात. त्यांचे भागलेले असते. दारात उरतात ते वाड्यावरचे, आणि त्यांचा आवाज मामलेदाराच्या कचेरीपर्यंतसुद्धा पोचत नाही. खाजनात शेत असलेल्याला हे समजावून सांगायला नको. प्रत्येकाने फक्त आपल्या शेतापुढचा बांध उंच केला तर खारे पाणी जिथे बांध खचला आहे तिथून आत येते, आणि मग ते कोणाचे शेत कोणते हे विचारत नाही.

पण शाळेच्या बाबतीत ते पाणी बाजारपेठेच्या शेतापर्यंत येत नाही, हीच गोम आहे. बुडते ते फक्त वाड्यावरचे. पट घसरतो, मग ‘मुले कमी’ म्हणून शाळा दुसरीत विलीन करण्याचा कागद निघतो, आणि सहा वर्षांच्या पोराला दोन मैलांवर पाठवायची पाळी येते. ज्याची ऐपत असते तो खासगी अनुदानित शाळेत घालतो. तिथे बस असते. बालरथ योजना सुरू झाली तेव्हा ती बस अनुदानित शाळांना मिळाली. सरकारने स्वतःच्या प्राथमिक शाळांच्या दारावरून दुसऱ्यांची बस सोडावी आणि मग आपल्या शाळेत मुले का येत नाहीत म्हणून चिंता करावी, हा अजब कारभार आमच्या गोव्यातच शोभतो.

गोव्यातच, असे म्हटले खरे; पण ज्या महाराष्ट्राकडे आम्ही आदराने पाहतो तिथेही निराळे नाही, आणि तिथली चूक झाकून ठेवण्याचे आम्हांला कारण नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारने ‘दत्तक शाळा’ योजना काढली. कंपनीने वा देणगीदाराने पाच किंवा दहा वर्षांसाठी सरकारी शाळा दत्तक घ्यायची, ठरलेल्या रकमेची मदत करायची, हवे तर शाळेला आपण सुचवलेले नावही जोडून घ्यायचे. मोठ्या महानगरपालिकांतल्या शाळेचा पाच वर्षांचा दर दोन कोटी, गावातल्या शाळेचा पन्नास लाख. देणगीदार दत्तक घ्यायला कुठे जाईल? जिथे मोटार दारापर्यंत जाते आणि उद्घाटनाला छायाचित्रकार येतो तिथे. डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेचे पाळण्यातले नाव ठेवायला कोण जातो?

श्रीमंत देशांतही हे दुखणे आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात १९९० नंतर कराला मर्यादा पडली आणि शाळांचा पैसा आटला. तेव्हा पालकांना आपल्या शाळेसाठी पैसे जमवून शिक्षकसुद्धा नेमण्याची मुभा मिळाली. नियम असा होता की पहिले दहा हजार डॉलर शाळेचे, त्यावरच्या रकमेचा एक तृतीयांश सामायिक निधीत, आणि तो निधी गरीब वस्त्यांतल्या शाळांना. ऐकायला बरे वाटते. पण दोन तृतीयांश श्रीमंतांच्याच शाळेत राहत होते, हे उघड आहे. सुमारे तीस वर्षे ही रीत चालली आणि २०२४ साली तिथल्या शाळामंडळाने ती बंद केली. न्यूझीलंडने निराळा मार्ग धरला. तिथे वस्तीच्या ऐपतीनुसार शाळांच्या दहा पायऱ्या केलेल्या होत्या. २०२० पासून वरच्या तीन पायऱ्या सोडून बाकीच्या शाळांना सरकारने सांगितले, पालकांकडे देणगी मागू नका. मागणार नसाल तर आम्ही दर विद्यार्थ्यामागे वर्षाला दीडशे डॉलर देतो. हा मार्ग आम्हांला अधिक सरळ वाटतो. ज्याला परवडत नाही त्याच्या दारी पावतीपुस्तक जाऊच द्यायचे नाही, आणि तो खड्डा सरकारने भरायचा.

आपल्याकडे असे काही होईल तेव्हा होईल. तोवर हातात एक हत्यार आहे आणि ते गंजत पडले आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. सरकारकडून आलेल्या आणि इतर कोणत्याही मार्गाने आलेल्या पैशाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. म्हणजे वर्गणीचा हिशेब मागण्याचा अधिकारही तिचाच. बाविसावे कलम तर सोन्यासारखे आहे. समितीने शाळेची विकास योजना तयार करायची आणि सरकारने द्यायच्या अनुदानाचा आधार तीच योजना असली पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पटसंख्येचा कोष्टक नव्हे, शाळेची गरज!

प्रत्यक्षात काय होते? समितीची सभा सकाळी अकराला. त्या वेळी मासळी विकणारी आई पाटी घेऊन बाजारात असते आणि शेतातली आई चिखलात. सभेचे बुक संध्याकाळी घरी येते, तिथे सही घेतात. विकास योजना कोणी लिहिली, तिच्यात काय आहे, हे सही करणारीला ठाऊक नसते. सभा संध्याकाळी पाचनंतर ठेवा, एवढी मागणी केली तरी निम्मे काम होईल. त्याला पैसे लागत नाहीत आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

मग त्या सभेत बसून छपराला किती, नळाला किती, दुसऱ्या शिक्षकाचे काय, हे एकेक लिहून काढावे. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, हे प्रमाण याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. बारा मुले आहेत म्हणून एकावर भागवा, असे त्यात कुठेही नाही. हा कागद भाग शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत द्यावा, त्याची एक प्रत पंचायतीत द्यावी आणि ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. कचेरीतून तोंडी उत्तर घेऊ नये. पोच घेतल्याशिवाय उठू नये.

ज्या वाड्यावरच्या शाळेने असा कागद दिला असेल तिथल्या पालकांनी शाळेचे नाव, मागितलेली रक्कम आणि पोचेवरची तारीख आम्हांला पोस्टकार्डावर कळवावी. आम्ही ती या पानावर छापू. उत्तर आले तर तेही छापू. न आले तर किती दिवस झाले तो आकडा दर आठवड्याला छापत राहू.