नजरेला आड, वाऱ्याला वाट

नागपूर शहराच्या भोवती गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे नवे ले-आउट वसले आहेत, त्यांत होळी पेटून गेली आणि उन्हाने डोळे वटारण्यास प्रारंभ केला, की घरोघरच्या परसांतून पत्र्याला भोके पाडणाऱ्या यंत्राची घरघर ऐकू येऊ लागते. घराच्या मागील अंगास, जिथे धुणे धुण्याचा दगड, कुरडया वाळत घालण्याची बाज, मोगऱ्याचे एखादे आळे आणि कूलरची खिडकी असते, तिथे शेजाऱ्याच्या वा वाटसरूच्या दृष्टीपासून आडोसा असावा ही इच्छा सर्वस्वी रास्त आहे. परंतु त्या इच्छेपोटी आपण भर वैशाखाच्या तोंडावर स्वतःच्या परसाभोवती जो लोखंडी डबा उभा करतो, त्याविषयी माझी तक्रार आहे, आणि ती मी फिर्यादी व आरोपी अशा दोन्ही नात्यांनी मांडीत आहे, कारण असा एक डबा मी स्वतः उभारला होता.

आडोशाची ओढ ही नव्या राहणीची चैन आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कायद्याचे दप्तर थोडे चाळावे. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या अठराव्या कलमात रूढीने प्राप्त होणाऱ्या हक्कांचे दृष्टांत देताना, शेजाऱ्याच्या एकांतास बाध येईल अशी नवी खिडकी पाडू नये असा एखाद्या नगराचा रिवाज असल्यास त्या रिवाजातून हक्क निर्माण होतो, असे उदाहरण घातले आहे. आणि 1888 मध्ये अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात, घरातील स्त्रियांच्या वावराची जागा शेजाऱ्याच्या नव्या बांधकामामुळे उघडी पडते या हरकतीचा विचार करताना, असा रूढिजन्य एकांताचा हक्क असू शकतो हे मान्य केले. मात्र त्याच अधिनियमाच्या पंधराव्या कलमाने, वीस वर्षे निर्वेधपणे उपभोगलेल्या उजेडाचा आणि हवेचाही हक्क मानला आहे. डोळ्याला अटकाव आणि वाऱ्याला वहिवाट या दोन्ही गोष्टी ज्या कायदेकर्त्यांना एकाच पुस्तकात नांदवता आल्या, त्या आपल्याला वीस-पंचवीस हात लांबीच्या एका कुंपणात नांदवता येऊ नयेत, हे आपल्या कल्पकतेला भूषणावह नाही.

माझ्या घराची पाठ पश्चिमेकडे आहे. चैत्रात ठेकेदाराने दोन दिवसांत दोन मीटर उंचीचे रंगीत पत्रे लोखंडी खांबांवर सलग ठोकून दिले आणि आमच्या सौभाग्यवतींनी प्रथमच निःशंक मनाने परसात पापड लाटले. परंतु हा संतोष जेमतेम तीन आठवडे टिकला. वैशाख लागला, पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकू लागला, दुपारी तीननंतर पत्र्याच्या आतल्या बाजूसही हात लावणे अशक्य झाले, आणि पत्र्यापासून दीड हातावर असलेल्या मोगऱ्याची पाने कडेने करपून गेली. सर्वांत मोठा घात कूलरचा झाला. विदर्भातील घराचा उन्हाळी प्राण म्हणजे मागच्या खिडकीतला कूलर. तो बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून ओढून आत सोडतो, आणि त्याच्या पाठीशी तीन हातांवर तापलेला पत्रा उभा असला, तर तो बिचारा त्या पत्र्याचीच धग ओढून घेतो. रात्रीचे काय सांगावे! पत्रा पातळ असल्यामुळे सूर्यास्तानंतर लवकर निवतो हे खरे. तथापि परसात बाज टाकून निजणाऱ्याला ज्या झुळुकेची आशा असते, ती झुळूक पत्र्यापलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर कडुनिंबाची पाने हलवीत असलेली नुसती ऐकत पडावे लागते.

एके सायंकाळी त्या प्लॉटला लागून असलेल्या घरातल्या आजी फाटकाशी येऊन म्हणाल्या, “भाऊ, रागावू नका, पण तुमच्या पत्र्यानं आमच्या कूलरची हवा गेली ना जी.” मी तांत्रिक स्वरूपाचे काही उत्तर दिले. ते त्यांना पटले नाही, आणि खरे म्हणजे मलाही पटले नव्हते.

येथे एक आक्षेप संभवतो. विदर्भात वैशाखातला दिवसाचा वारा म्हणजे पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येणारी लू. ती अडली तर बिघडले काय? या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. लू टाळण्यासाठी आपण दुपारी दारे-खिडक्या लावून घेतो. कुंपणाने लू थंड होत नाही. शिवाय सलग भिंत वाऱ्याला थांबवीत नाही, त्याला उडी मारायला लावते. भिंतीवरून गेलेला वारा पलीकडे भोवरे करीत खाली कोसळतो आणि आपल्या परसात रस्त्याची धूळ आणून टाकतो. ज्या कुंपणात जवळजवळ निम्मी पोकळी असते, ते कुंपण वाऱ्याचा वेग मोडते, त्याला गाळून आत घेते, आणि हा परिणाम सलग भिंतीपेक्षा अधिक अंतरापर्यंत पोहोचतो. शेताच्या बांधावर वारा मोडण्यासाठी झाडांच्या रांगा लावणारा शेतकरी हे तत्त्व जाणतो. शहरात प्लॉट घेतल्यावर त्याचाच मुलगा ते विसरतो.

मग वळवाचे वादळ आले. भारतीय मानकांपैकी आयएस 875 मध्ये नागपुरासाठी वाऱ्याचा पायाभूत वेग सेकंदाला 44 मीटर धरलेला आहे, आणि त्या वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला शंभर किलोच्या वर भरतो; म्हणजे अडीच मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशा एका सलग फलकावर अर्ध्या टनाहून अधिक भार पडू शकतो. त्या दिवशीचा वारा अर्थात इतका प्रचंड नव्हता, तरीही माझे तीन फलक खांबांसकट पूर्वेकडे झुकले. खांब कलण्यात अपराध एकट्या वाऱ्याचाही नव्हता. आमची जमीन काळी कपाशीची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून पोटातले सारे वर ढकलते. दीड हात खड्डा, त्यात दोन घमेली काँक्रीट आणि वर तीच काळी माती, असा पाया या जमिनीत म्हणजे पाण्यावर पाट मांडण्यासारखे आहे. या मातीच्या खोडीवर उपाय म्हणून रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली कंदासारखा फुगीर पाया असलेले स्तंभ विकसित केले. कुंपणासाठी इतका थाट नको, परंतु मुरूम लागेपर्यंत खणावे, खड्डा काळ्या मातीने न बुजवता मुरमाने धुमसून भरावा, आणि खांबाच्या बुडाशी काँक्रीटला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, म्हणजे पाणी तिथे मुरत नाही, एवढे तरी पथ्य पाळलेच पाहिजे. ज्यांच्या घराखाली मुरूम हात-दीड हातावर लागतो, त्या पश्चिम नागपूरकरांनी हा परिच्छेद वगळण्यास हरकत नाही.

पत्रा नको तर काय, हा प्रश्न मी पुढील वर्षभर अनेकांना विचारला. दुकानदाराने लाकडासारखी दिसणारी पीव्हीसीची फळी पुढे केली. ती वाळवी खात नाही हे खरे, पण चाळीस अंशांच्या चढउतारात अडीच मीटरची फळी सुमारे सहा मिलिमीटर वाढते, आणि बसवणाऱ्याने टोकांशी तेवढी फट न ठेवता ती घट्ट खिळवली, तर ती वैशाखात नागासारखी वळते. गडद रंगाची असल्यास अधिकच. विटांची सलग भिंत भक्कम खरी, पण दुपारभर प्यायलेले ऊन ती रात्री निजायच्या वेळेपर्यंत परसात ओतत राहते. हिरवी जाळी स्वस्त आहे आणि वाराही सोडते. दोन-तीन उन्हाळ्यांत तिच्या चिंध्या होतात आणि त्या चिंध्यांची फडफड रात्रभर ऐकावी लागते, म्हणून ती झाडे वाढेपर्यंतची तात्पुरती सोय समजावी.

खर्च करण्याची ऐपत असलेल्यांसाठी विटांची जाळी हा मला फार सुसंस्कृत उपाय वाटतो. केरळात लॉरी बेकर यांनी विटांमध्ये पोकळ्या ठेवून रचलेल्या जाळीदार भिंती इतक्या सहजतेने वापरल्या, की त्यांचे घर आणि जाळी या दोन गोष्टी डोळ्यांसमोर एकत्रच येतात. नऊ इंच जाडीच्या जाळीतून सरळ समोर उभे राहणाऱ्याला थोडेफार दिसते. तिरप्या नजरेला मात्र विटेची जाडीच आडवी येते, आणि शेजारी बहुधा तिरपेच पाहतात. लोखंडी वा लाकडी पट्ट्यांचे कुंपण करायचे असल्यास आडव्या दांडीच्या एका अंगाला एक पट्टी आणि दुसऱ्या अंगाला पुढची पट्टी, कडा एकमेकींवर थोड्या चढवून, अशी आलटून-पालटून ठोकावी. समोरून पाहणाऱ्याला ते सलग दिसते आणि वारा दोन पट्ट्यांच्या मधून वळसा घेऊन आत शिरतो. लाकूड सागाचे असेल तर गाभ्याचे घ्यावे. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वाळवी सोडत नाही.

मी स्वतः जे निवडले ते मात्र बुरुडाचे तट्टे. गडचिरोली आणि मेळघाट यांच्या कुशीत राहून आपण परसाला प्लास्टिक लावावे, यात मला काहीसे लाजिरवाणे वाटते. बांबू किमान तीन वर्षांचा आणि पावसाळा सरल्यावर तोडलेला असावा, कारण कोवळ्या आणि रसाळ बांबूतील पिष्टावर भुंगा टपलेला असतो. टाकणखार आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात तो बुडवून घेण्याची पद्धत उत्तम आहे, तथापि हे क्षार पावसात धुऊन जातात. म्हणून उघड्यावरच्या तट्ट्यास वरून जवसाच्या तेलाचा हात दरवर्षी द्यावा लागतो. सर्वांत महत्त्वाचे हे, की बांबूचे पाऊल जमिनीस लागू देऊ नये: खांब लोखंडी कोनाचे वा सिमेंटचे, आणि तट्टा जमिनीपासून वीतभर वर, तारेने बांधलेला. इतके करूनही तो दोन-तीन पावसाळ्यांनंतर बदलावा लागतो. हा दोष मला कबूल आहे. मात्र तो बदलताना एका कारागिराच्या हाताला काम मिळते, हे या हिशेबात जमेच्या बाजूस मांडले पाहिजे.

तट्ट्याच्या आतल्या बाजूस मृगाच्या पावसावर मेंदी लावली आहे. दोन ओळी, नागमोडी, फूटभर अंतराने. मेंदीला पाणी थोडे लागते, आणि ती पहिल्या वर्षापासून निर्दयपणे छाटली तर बुडापासून दाट होते. उंचीच्या मोहाने छाटणी टाळली, तर वर झुडूप आणि खाली उघडी नडगी अशी तिची अवस्था होते. अडुळसा आणि निर्गुडी याही जाती चांगल्या, कारण गुरे त्यांना तोंड लावीत नाहीत. शेर लावू नये. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, आणि परसात मुले खेळतात. कोकणातील वई ज्याने पाहिली आहे त्याला जिवंत कुंपणाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. तिथे पाऊस उदार आहे, येथे आपल्याला तीन वर्षे धीर धरावा लागतो एवढाच भेद.

एका भ्रमाचे निरसन करणे अवश्य आहे. शेजारी उंच इमारत उभी राहिली म्हणून कुंपण उंच करीत जाणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. कुंपणापासून सहा मीटरवर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाचा डोळा साधारण साडेदहा मीटर उंचीवर असतो. त्याच्या दृष्टीपासून दोन मीटरचे कुंपण आपल्या बाजूची जेमतेम दीड मीटरची पट्टी झाकते. ही लढाई कुंपणाने जिंकता येत नाही. तिथे मांडव घालावा आणि त्यावर मधुमालती चढवावी. ती उन्हाला पुरून उरते, आणि आडोशाबरोबर सावलीही देते.

शिवाय उंचीला कायद्याचा लगाम आहेच. राज्याच्या 2020 च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत आवारभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर धरली आहे, 2.4 मीटरपर्यंत जायचे असल्यास वरचा 0.9 मीटरचा भाग उघड्या, जाळीदार रचनेचा असावा लागतो. सरकारी नियमावलीत वाऱ्याचा इतका मुलाहिजा राखलेला पाहून मला सानंद आश्चर्य वाटले. कुंपण घालण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून हद्द कायम मोजणी करून घ्यावी, आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यास चहाला बोलवावे. खुणेचे दगड दोघांच्या देखत रोवले गेले, की पुढच्या पिढीचे वकिलाचे पैसे वाचतात.

माझे पत्रे मी काढून टाकले. त्यांतले चार न वाकलेले होते, ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या शेडला लागले. मेंदी सध्या माझ्या छातीला लागली आहे, तट्टा एकदा बदलून झाला आहे, आणि आजींच्या कूलरला पुन्हा हवा लागते.